बिघाडाची कबुली

इयान फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी संपादित केलेला 'द ग्रिड' हा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि 'ग्रिड' हा शब्द संगणकशास्त्रात रुजला. उपमा विजेच्या जाळ्याची होती. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर, भिंतीवरचे बटण दाबणारा माणूस आलेली वीज कोयनेची की चंद्रपूरची हे विचारीत नाही. तसेच शास्त्रज्ञाने आपले गणित जाळ्यात सोडावे आणि ते कोणत्या गावच्या यंत्रावर सुटले याची फिकीर करू नये, असे ते स्वप्न होते. त्याआधी तीन वर्षे, १९९५ साली सॅन दिएगो येथील महासंगणन परिषदेत, 'आय-वे' या नावाने १७ ठिकाणची यंत्रे जोडून या स्वप्नाची रंगीत तालीमही झाली होती.

ज्यांच्या परीक्षांचा अभ्यास भारनियमनामुळे मेणबत्तीपाशी झाला, अशा मराठी वाचकाला या उपमेचे हसू येणे साहजिक आहे. खुद्द अमेरिकेतही १४ ऑगस्ट २००३ रोजी विजेचे जाळे कोसळले आणि कॅनडासह सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले; आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी जे घडले त्याची झळ ६० कोटींहून अधिक लोकांना लागली. परंतु आमचा आक्षेप वेगळा आहे. वीज जाते तेव्हा अंधार पडतो, आणि अंधार पडल्याचे सर्वांना एकाच वेळी कळते. आजारी यंत्राने दिलेले चुकीचे उत्तर मात्र धडधाकट यंत्राच्या उत्तरासारखेच दिसते. विजेचे एक युनिट दुसऱ्या युनिटसारखेच असते, हे उत्तरांच्या बाबतीत खरे नाही. ग्रिड-संगणन विश्वासार्ह करण्याच्या खटपटीचा इतिहास सामान्यतः 'यंत्रे बंद पडली तरी काम कसे चालू ठेवले' अशा शौर्यकथेच्या स्वरूपात सांगितला जातो. आमच्या मते तो इतिहास मुख्यतः कबुलीचा आहे: बिघाड झाला आहे हे कोणी, कोणाला आणि केव्हा सांगायचे, हा त्यातला खरा प्रश्न.

सुरुवात बरीच मागे आहे. जानेवारी १९५२ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी कॅलिफोर्नियातील कॅलटेक येथे काही व्याख्याने दिली. ती १९५६ मध्ये छापली गेली. बेभरवशाच्या सुट्या भागांतून भरवशाची रचना उभी करता येईल काय, हा त्यांचा विषय. निर्वात नळ्यांच्या त्या काळात हा प्रश्न मुळीच तात्त्विक नव्हता. त्यांचे उत्तर असे की एकच क्रिया अनेक भागांकडून करून घ्यावी आणि बहुमत मानावे. बहुमत मोजणारा भागही बिघडू शकतो हे त्यांनी हिशेबात धरले होते, आणि तरीही पुरेशी पुनरावृत्ती केली तर चुकीची शक्यता हवी तेवढी खाली आणता येते हे दाखवून दिले. एक गृहीत मात्र त्यात होते: प्रत्येक भाग आपापल्या नशिबाने बिघडतो, एकमेकांच्या संगतीने नव्हे.

संगतीने बिघडणे काय असते, त्याचा मासला झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्राने पाहिला. जॉन शॉक आणि जॉन हप यांनी त्याची हकीकत १९८२ साली लिहिली. तेथे 'आल्टो' नावाचे शंभरेक संगणक इथरनेटने जोडलेले होते आणि रात्री ते रिकामेच असत. या दोघांनी अनेक यंत्रांवर तुकड्यातुकड्यांनी वस्ती करणारी आज्ञावली लिहिली. एक यंत्र बंद पडले की उरलेले तुकडे दुसरे रिकामे यंत्र शोधून तिथे नवी प्रत चढवीत. जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या एका कादंबरीवरून त्यांनी तिला 'वर्म', म्हणजे किडा, हे नाव दिले. एका रात्री लहानसा किडा चालू ठेवून मंडळी घरी गेली आणि सकाळी येऊन पाहतात तर डझनावारी यंत्रे मृतवत पडलेली! एखादे पुन्हा सुरू करावे तर किडा त्यात शिरे आणि ते परत कोसळे. त्यांचा तर्क असा की आज्ञावलीची एक प्रत कोठेतरी खराब झाली होती आणि तीच पसरत गेली. शेवटी सर्व तुकड्यांना एकदम थांबवणारा संदेश आधीच योजून ठेवला होता म्हणून निभावले. कोणत्याही एका यंत्राच्या मरणाने न मरणे हाच या किड्याचा गुण होता, आणि त्या सकाळी तोच गुण आडवा आला.

याच सुमारास लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ हे तिघे विमानाच्या नियंत्रणासाठी लागणाऱ्या संगणकांचा विचार करीत होते. १९८२ साली त्यांनी तो प्रश्न बायझंटाइन सेनापतींच्या रूपकात मांडला: शहराला वेढा घातलेल्या सेनापतींनी केवळ निरोपांवरून एकमत करायचे आहे, पण त्यांच्यात फितूर आहेत, आणि फितूर एकाला एक व दुसऱ्याला दुसरेच सांगतो. (लॅम्पोर्ट यांनी आधी 'अल्बानियन सेनापती' म्हटले होते, जगात अल्बानियन माणसेही आहेत असे एका सहकाऱ्याने सुचवल्यावर त्यांनी लयाला गेलेले साम्राज्य निवडले.) निरोपांवर खोटी न करता येणारी सही नसेल तर तीन सेनापतींत एक फितूरही सहन होत नाही, किमान चार लागतात, असा निष्कर्ष निघाला. फॉन नॉयमन यांचा सुटा भाग केवळ चुकत होता. लॅम्पोर्ट यांचा भाग माणसागणिक वेगळी थाप मारतो. बिघडलेले यंत्र तसे करू शकते, आणि ते हेतुपुरस्सर केले की नाही याने ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही.

पुढे १९८५ साली एकाच विषयाला दोन टोकांनी भिडणारी दोन लिखाणे आली. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी सिद्ध केले की निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल, तर एक जरी यंत्र गप्प होण्याची शक्यता असली तरी उरलेल्यांचे एकमत नक्की होईलच अशी हमी कोणतीही ठरीव पद्धत देऊ शकत नाही. सिद्धता अवघड आहे, पण तिच्या मुळाशी रोजचा अनुभव आहे. पलीकडून उत्तर येत नाही; तो मेला की नुसता मंदावला? वाट पाहावी तर कदाचित जन्मभर पाहावी लागेल, आणि न पाहता मेला म्हणून सोडून द्यावे तर तो उद्या उगवेल. ही संदिग्धता यंत्रे सुधारून जाणारी नाही.

दुसरे लिखाण जिम ग्रे यांचे, 'टँडम' या कंपनीतले. बँका आणि शेअरबाजार यांच्यासाठी न थांबणारे संगणक बनवणे हा टँडमचा धंदा. तरीही संगणक का थांबतात, या साध्या प्रश्नाचा ग्रे यांनी गिऱ्हाइकांकडून आलेल्या नोंदींवरून हिशेब मांडला. यंत्राचे भाग बिघडल्याने थांबण्याचे प्रमाण निघाले १८ टक्के. सॉफ्टवेअरमुळे २५, वीज-पाणी-आग अशा कारणांनी १४, आणि ४२ टक्के वेळा कारण होते देखभाल आणि कारभार: चालवणाऱ्याची चूक, नव्या जोडणीतली चूक, दुरुस्तीतली चूक. ज्या भागाची सर्वांना धास्ती होती तो भाग जोडीजोडीने बसवून केव्हाच सांभाळला गेला होता. उरली होती माणसे आणि त्यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या.

त्याच अहवालात ग्रे यांनी सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या दोन जाती सांगितल्या. एक 'बोरबग', बोरच्या अणूसारखा ठाशीव, दर वेळी त्याच जागी सापडणारा. दुसरा 'हायझेनबग', पाहायला जावे तर नाहीसा होणारा. टँडमच्या एका आज्ञावलीच्या नोंदींत १३२ दोषांपैकी फक्त एकच बोरबग निघाला होता. बाकीच्यांवर उपाय एकच: थांबा आणि पुन्हा सुरू करा. परिस्थिती जराशी बदललेली असते, तेवढ्याने दोष टळतो. घरचा टीव्ही दोन थपडा मारून चालू करणाऱ्या वडीलधाऱ्यांचे शास्त्र अगदीच अनाठायी नव्हते, असे आम्हांस हे वाचताना वाटले. मात्र ग्रे यांची अट कडक होती: बिघडलेल्या भागाने अर्धवट शुद्धीत काम रेटू नये, ताबडतोब थांबावे.

ग्रिडची खरी आजी विस्कॉन्सिन विद्यापीठात जन्मली. मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली 'काँडोर' ही प्रणाली मांडली (२०१२ पासून तिचे नाव 'एचटीकाँडोर' आहे). प्राध्यापकांच्या टेबलांवरची यंत्रे बराच वेळ नुसती पडून असतात. त्या वेळात दुसऱ्याचे काम त्यांवर चालवावे, हा उद्देश. पण यंत्राचा मालक परत आला आणि कळफलकाला त्याने बोट लावले की पाहुण्या कामाने उठलेच पाहिजे. म्हणून काम जिथवर आले तिथवरची सगळी स्थिती उतरवून घेण्याची सोय केली गेली, तिला 'चेकपॉइंट' म्हणतात. ती नोंद दुसऱ्या यंत्रावर नेली की काम तिथून पुढे सुरू. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही सोय मालकाच्या मर्जीपोटी झाली होती. परंतु यंत्र अचानक बंद पडणे आणि मालकाने अचानक हाकलणे यांत पाहुण्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. दुसऱ्याच्या ओसरीवर राहणाऱ्याने बोचके सदैव बांधलेले ठेवावे, तसे हे. टँडमने बिघाडासाठी जोडीचे यंत्र विकत घेतले. काँडोरकडे स्वतःचे एकही यंत्र नसल्यामुळे तिला सोशिकपणा आपोआप आला.

ग्रिडने ही ओसरी देशभर, मग खंडभर पसरवली. मालक वाढले, आणि मालकागणिक नियम वाढले. २००३ साली अमेरिकेत उभारलेल्या 'ग्रिड-२००३' या जाळ्यात २७ केंद्रे होती. त्याच्या चालकांनी आपल्या अपयशाच्या नोंदी मोकळेपणाने प्रसिद्ध केल्या, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. एका मोठ्या प्रयोगाची सुमारे ३० टक्के कामे फसली होती, आणि त्यांतील बहुतेकांची कारणे स्थानिक होती: डिस्क भरून गेली, प्रवेशद्वारावरच्या संगणकाला गर्दी सोसेना, जाळे मध्येच तुटले. यात बायझंटाइन फितूर कोठेच नाहीत. डिस्क भरली, एवढेच.

या काळातल्या ग्रिडचालकांना एका रोगाने फार छळले. त्याला ते 'कृष्णविवर' म्हणत. समजा, शेकडो यंत्रांपैकी एकात काही बिनसले आहे. आवश्यक ग्रंथिका नाही, किंवा डिस्कवर जागा नाही. धडधाकट यंत्राला एक काम करायला सहा तास लागतात. हे यंत्र काम घेते, दोन सेकंदांत फसते, आणि लगेच 'मी रिकामा आहे' असे कळवते. कामे वाटणारा मुकादम रिकाम्या गड्याला पुढचे काम देतो, तेही फसते. सकाळपर्यंत रांगेतली हजारो कामे त्या एका यंत्राने गिळलेली असतात, आणि बाकीची यंत्रे रिकाम्या रांगेकडे पाहत बसतात. मुकादमाच्या वहीप्रमाणे तो गडी सर्वांत चपळ! सगळे नियम पाळले गेले, कोणतीही यंत्रणा बंद पडली नाही, आणि तरीही रात्र फुकट गेली.

याचे मूळ शोधणारा एक निबंध डग्लस थेन आणि लिव्हनी यांनी २००२ साली लिहिला होता. आमच्या मते या विषयावरचे ते सर्वांत मार्मिक लिखाण आहे. काँडोरवर जावा भाषेतल्या आज्ञावल्या चालवण्याची सोय त्यांनी केली आणि वापरणारे वैतागले. त्यांच्याकडे परत येणारे 'काम संपले, निकाल अपयश' हे उत्तर निरनिराळ्या कारणांनी येई. कधी आज्ञावलीतच चूक असे. कधी त्या यंत्रावर जावाच नीट बसवलेली नसे, कधी स्मृती अपुरी पडे, कधी मूळ फायलींचा सर्व्हर बंद असे. समाप्तीचा आकडा सर्वांना तोच. मग शास्त्रज्ञाने बसून आपली चूक कोणती आणि दूरच्या यंत्राची कोणती हे निवडावे! थेन आणि लिव्हनी यांचे म्हणणे असे की प्रत्येक चुकीला एक व्याप्ती असते आणि ती चूक त्या व्याप्तीच्या कारभाऱ्याकडेच गेली पाहिजे. आज्ञावलीतली चूक तिच्या लेखकाकडे; यंत्रातली चूक मुकादमाकडे, म्हणजे तो काम दुसरीकडे पाठवील; फायलींचा सर्व्हर बंद असेल तर काम रोखून धरावे, पाठवण्यात अर्थ नाही. आणि सर्वांत वाईट चूक ती, जी उत्तराचा वेष घेऊन येते. त्यांनी जावाभोवती एक छोटे आवरण घातले. ते चुकीचे कारण वेगळ्या फायलीत लिहून ठेवी, आणि ती फाइलच आली नाही तर यंत्रातच काही बिघडले असे समजले जाई. काम जेमतेम, पण त्याने तक्रारी योग्य दारी जाऊ लागल्या.

कृष्णविवरावरचा उतारा पुढे 'पायलट' पद्धतीने सापडला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या प्रयोगांसाठी झालेल्या 'पांडा' आणि 'डिराक' या प्रणालींत खरे काम आधी पाठवतच नाहीत. आधी एक रिकामा दूत जातो. यंत्रात जागा आहे का, सामग्री आहे का, हे तो पाहतो आणि सारे ठीक असेल तरच मुख्य केंद्राकडे काम मागतो. बिघडलेल्या यंत्रावर दूत फसतो, काम शाबूत राहते. केंद्रांनी आपल्याविषयी जाहीर केलेल्या माहितीवर विसंबणे संपले. आता प्रत्यक्ष जाऊन पाहणाऱ्याचा शब्द मानला जातो.

२००४ साली गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी 'मॅपरिड्यूस' प्रसिद्ध केले. ते एका छताखालच्या, एका मालकाच्या यंत्रांचे काम, म्हणून ग्रिडच्या कुळातले नव्हे. पण 'मेला की मंदावला' या प्रश्नाला त्यांनी दिलेली बगल पाहण्यासारखी आहे. काम संपत आले की रेंगाळणाऱ्या तुकड्यांची दुसरी प्रत दुसऱ्या यंत्राला द्यायची, आणि जो आधी येईल त्याचे घ्यायचे. पहिला मेला होता की नाही, याची चौकशीच नाही. त्यांच्या चाचणीत १७४६ पैकी २०० कामगार-प्रक्रिया मुद्दाम मारल्या, तर ८९१ सेकंदांचे काम ९३३ सेकंदांत झाले. कोणीही न मारता केवळ ही दुसऱ्या प्रतीची सोय काढून घेतली, तेव्हा लागले १२८३ सेकंद. मेलेल्यांपेक्षा मंदावलेले महाग पडले. अर्थात तेच काम दोनदा केल्याने काही बिघडत नसेल तरच हे शक्य आहे; बँकेतून पैसे काढण्याचे काम असे दोनदा करून चालत नाही.

खोटे बोलणारी यंत्रेही अखेर आलीच, पण वेढा घातलेल्या सैन्यातून नव्हे, हौशी लोकांच्या घरांतून. बर्कली विद्यापीठाचा 'सेटी ॲट होम' हा प्रकल्प १७ मे १९९९ रोजी सुरू झाला. प्युर्टो रिकोतील आरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओलहरींत परग्रहावरचा संदेश शोधण्यासाठी लाखो लोकांनी आपले घरचे संगणक देऊ केले. कोणी किती तुकडे तपासले याची क्रमवारी लागे, आणि क्रमवारी आली की जे होते तेच झाले: काहींनी आज्ञावलीत फेरफार करून न केलेल्या कामाची उत्तरे पाठवली. उपाय फॉन नॉयमन यांचाच. एकच तुकडा निरनिराळ्या घरी पाठवायचा आणि उत्तरे ताडून पाहायची. त्यातही पेच निघाला, कारण निरनिराळ्या बनावटीचे प्रामाणिक संगणकही अपूर्णांकांच्या शेवटच्या स्थानांत एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे पुढे याच गटाच्या 'बॉइंक' या प्रणालीत एका जातीच्या यंत्रांची तुलना त्याच जातीशी करण्याची सोय ठेवावी लागली. नवे तुकडे वाटण्याचे काम मार्च २०२० मध्ये थांबले.

ग्रिडची सर्वांत मोठी इमारत सर्नच्या महाकाय कणवेगकासाठी उभी राहिली. आज तिच्यात ४० हून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रे आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक. (पुण्याच्या सी-डॅकने देशातल्या संस्था जोडण्यासाठी 'गरुड' हे ग्रिड उभारले, तो निराळा आणि सविस्तर लिहिण्याचा विषय आहे.) या जागतिक ग्रिडचे उद्घाटन ३ ऑक्टोबर २००८ रोजी झाले तेव्हा, गंमत म्हणजे, ज्याच्यासाठी ते होते तो वेगक बंद होता. १९ सप्टेंबरला दोन चुंबकांमधला एक विद्युत-जोड वितळून काही टन हेलियम बोगद्यात सुटले होते. वेगक पुन्हा चालू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला.

पण आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती सर्नमध्येच २००७ साली झालेली एक शांत तपासणी. तिथल्या ३००० हून अधिक संगणकांवर ठरावीक नमुन्याची फाइल लिहायची, परत वाचायची, आणि ताडून पाहायची, एवढेच करणारी आज्ञावली सोडण्यात आली. पाच आठवड्यांत सुमारे १०० यंत्रांवर ५०० चुका सापडल्या. डिस्कने लिहिले एक, वाचले दुसरे, आणि कोणाकडेही तक्रार आली नाही. कोणी विचारले नसते तर तो विदा तसाच भौतिकशास्त्रज्ञांच्या आलेखांत गेला असता. फायलीबरोबर तिची तपासबेरीज ठेवणे आणि ती वारंवार मोजून पाहणे हे कंटाळवाणे काम त्यामुळेच आवश्यक ठरते. मूळ विद्याची एक प्रत सर्नमध्ये आणि दुसरी इतर देशांतल्या मोठ्या केंद्रांत ठेवली जाते, पण दोहोंपैकी खरी कोणती हे सांगायला बेरीजच लागते.

याच वर्षी, २८ जानेवारी २००७ रोजी, जिम ग्रे आपल्या शिडाच्या नौकेतून सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच निघाले. फॅरालॉन बेटांजवळ आईच्या अस्थी समुद्रात सोडायच्या होत्या. ते परतले नाहीत. तटरक्षक दलाला काही सापडेना, तेव्हा मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी त्या सागरी प्रदेशाची उपग्रहचित्रे मिळवली, त्यांचे छोटे छोटे तुकडे केले आणि जालावरून हजारो स्वयंसेवकांना वाटले. प्रत्येकाने आपल्या तुकड्यात नौका दिसते का ते पाहायचे आणि कळवायचे. नौका सापडली नाही. तुकड्यांवरून आलेले 'नाही' हे उत्तर ती तिथे नव्हती म्हणून आले, की होती पण दिसली नाही म्हणून, हे कोणत्याच तुकड्यावरून समजण्यासारखे नव्हते. २०१२ साली ग्रे यांना कायद्याने मृत घोषित करण्यात आले.